बास्क किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या शेवटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बास्क किनाऱ्यावर मी दोनदा जाऊन आले. एकदा नवऱ्याबरोबर आणि एकदा आईला आणि मुलीला घेऊन. तेव्हापासून ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे असे कितीतरी जण फोन करून विचारत असतात. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. हा किनारा मला मनापासून आवडतो आणि तो घाईत बघून परत येणाऱ्यांबद्दल मला खरंच वाईट वाटतं.

बास्क किनारा नेमका कुठे आहे?

स्पेन आणि फ्रान्स अटलांटिकच्या काठावर जिथे एकमेकांना टेकतात, त्या कोपऱ्यात. समोरचा समुद्र म्हणजे बिस्केचा उपसागर. पश्चिमेला बिल्बाओ, पूर्वेला फ्रान्समधलं बियारिट्झ, आणि रस्त्याने या दोन टोकांमधलं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. मध्ये सान सेबास्तियन हे मोठं शहर आणि मग लहान बंदरं: बेर्मेओ, मुंडाका, लेकेइतियो, सुमाया, गेतारिया, सारौट्स, ओंदारिबिया, आणि नदीपलीकडे फ्रान्सची आंदाय आणि सँ-जाँ-द-लुझ. देश दोन असले तरी लोक स्वतःला आधी बास्क म्हणवतात आणि भाषाही त्यांची एकच, एउस्कारा.

ऑगस्टची अखेर की सप्टेंबर? पाऊस लागतो का?

मला विचाराल तर २८ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर. ऑगस्टच्या मध्यावर निम्मा स्पेन आणि निम्मा फ्रान्स सुट्टीवर असतो. सान सेबास्तियनला १५ ऑगस्टच्या आठवड्यात ‘आस्ते नागुसिया’ म्हणजे मोठा आठवडा असतो, रोज रात्री आतषबाजीची स्पर्धा चालते, आणि खोली मिळाली तरी दुप्पट भावाने मिळते. सप्टेंबर लागला की गर्दी ओसरते आणि समुद्राचं पाणी मात्र वर्षातल्या सगळ्यात उबदार टप्प्यावर असतं. अंधारही उशिरा पडतो. ऑगस्टअखेर सूर्य जवळजवळ पावणेनऊला मावळतो, म्हणजे संध्याकाळी सहाला पुळणीवर गेलात तरी हातात भरपूर उजेड असतो.

पाऊस लागतो. हा स्पेनचा हिरवा भाग आहे. इथल्या बारीक भुरभुरीला ‘सिरिमिरी’ म्हणतात. महाबळेश्वरला ढग अंगावरून जातो तसा तो पाऊस असतो. छत्री उघडावी की नाही कळत नाही आणि अर्ध्या तासात केस ओले झालेले असतात. टोपीचं पातळ जाकीट पुरतं. दोन आठवड्यांत तीन-चार दिवस असे जातील हे धरूनच चला.

आपल्याकडचा खरा पेच गणपतीचा. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तेव्हा ऑगस्टच्या शेवटी निघून गणपतीआधी घरी येता येतं. ज्या वर्षी गणपती ऑगस्टअखेर येतात, त्या वर्षी विसर्जन करून निघा. २० सप्टेंबरपर्यंत पोहता येतं.

व्हिसा स्पेनचा काढायचा की फ्रान्सचा?

ज्या देशात जास्त रात्री मुक्काम, त्याचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्याचा. शेंगेन व्हिसा एकच असतो आणि दोन्हीकडे चालतो. प्रौढांना शुल्क ९० युरो, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यासाठी तो मे महिन्यातच करून टाका. आमच्या दुसऱ्या खेपेला जुलैमध्ये भेटीची वेळच मिळेना. रोज पहाटे उठून संगणकासमोर बसावं लागलं आणि विमानाची तिकिटं आधीच काढलेली असल्यामुळे जीव टांगणीला लागला होता.

मुंबई-पुण्याहून जायचं कसं?

थेट विमान नाही. फ्रँकफर्ट, पॅरिस, ॲमस्टरडॅम किंवा इस्तंबूलला विमान बदलून बिल्बाओला उतरा. बिल्बाओच्या विमानतळावरूनच सान सेबास्तियनची थेट बस सुटते आणि सव्वा तासात पोचवते, त्यामुळे दमलेल्या अंगाने शहरात जाऊन पुन्हा बस शोधावी लागत नाही. पॅरिस बघून येणार असाल तर आंदायपर्यंत वेगवान रेल्वे आहे, पाच तासांच्या आत-बाहेर.

किती दिवस पुरेत? मुक्काम कुठे करावा?

दहा दिवस असतील तर तीनच मुक्काम करा. सान सेबास्तियनला चार रात्री, सुमाया किंवा गेतारियाकडे तीन, लेकेइतियो किंवा मुंडाकाकडे तीन. फ्रान्सची बाजू सान सेबास्तियनहून दिवसात जाऊन येता येते. आठच दिवस असले तर तिसरा मुक्काम सोडा, पण रोज बॅगा भरू नका. हा किनारा एकाच जागी थांबून बघायचा आहे. सकाळी बघितलेली पुळण दुपारी तुम्हाला ओळखू येणार नाही, आणि ते कशामुळे हे पुढच्या उत्तरात.

भरती-ओहोटीचं कोष्टक सगळे सांगतात. सहलीला त्याची खरंच गरज असते का?

असते. हॉटेलच्या आरक्षणाआधी मी ते बघते.

भूमध्य समुद्राच्या काठावर भरती-ओहोटी जाणवतही नाही, म्हणून स्पेनची इतर सहल करून आलेले लोक इथे फसतात. बिस्केच्या उपसागरात उधाणाला पाणी साडेचार मीटरपर्यंत चढतं-उतरतं, जवळपास आपल्या मुंबई-अलिबागइतकं. भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती लहान असते तेव्हा, हा फरक निम्म्यावर येतो. सप्टेंबरात, दिवस-रात्र समान होण्याच्या सुमारास, उधाण वर्षातलं सगळ्यात मोठं असतं.

कोकणातल्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवायची. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची आपली रीत इथे चालत नाही. आपल्याकडे पौर्णिमा-अमावस्येला भर दुपारी बाराच्या सुमारास भरती असते. इथे त्याच दिवशी बाराच्या आगेमागे सुकती असते आणि भरती संध्याकाळी पाच-सहाला. सहलीला हे फारच सोयीचं आहे. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरचे दोन-तीन दिवस सुमाया आणि लेकेइतियोसाठी राखून ठेवा, म्हणजे ऐन दुपारी खडक आणि वाटा उघड्या मिळतील. भांगेचे दिवस सान सेबास्तियन, बिल्बाओ आणि खाण्यापिण्याला द्या.

लेकेइतियोला बंदरासमोर गाराइत्स नावाचं झाडीचं बेट आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला जसा ओहोटीला चालत गाठतात, तसंच हे बेट. पाणी उतरलं की एक दगडी बांध वर येतो आणि त्यावरून लोक टॉवेल खांद्यावर टाकून पलीकडे जातात. आम्हीही गेलो, आणि वर झाडीत बसून संत्री सोलत राहिलो. परत आलो तेव्हा बांधाच्या मधल्या भागावरून पाणी घोट्यापर्यंत वाहत होतं. दगड शेवाळलेले, मुलगी सात वर्षांची, आणि आई एका हातात चपला धरून दुसऱ्या हाताने माझा दंड घट्ट पकडून उभी. पलीकडून एक म्हातारे गृहस्थ गुडघाभर पाण्यात आले आणि त्यांनी काही न बोलता मुलीला उचलून नेलं. बांध शेवाळलेला असतो तेव्हा जुने रबरी बूट किंवा पकड असलेले सँडल हवेतच, आणि ओहोटीच्या वेळेनंतर तासाभरात परत फिरायला हवं.

सान सेबास्तियनलाही हेच. ला कोंचाच्या पुळणीवरून वाळूतून ओंदारेताला चालत जाता येतं ते ओहोटीलाच. भरतीला मधलं टोक पाण्यात जातं आणि वरच्या रस्त्याने वळसा घ्यावा लागतो.

पाणी फार थंड असतं का? लहान मुलांना घेऊन पोहणं सुरक्षित आहे?

ऑगस्टअखेर पाणी २० ते २२ अंशांच्या दरम्यान असतं. गोव्याची सवय असेल तर पहिली पाच मिनिटं दात वाजतात, नंतर शरीर सरावतं.

सुरक्षितता जागेवर अवलंबून आहे. ला कोंचाच्या तोंडाशी सांता क्लारा बेट आडवं आहे, म्हणून आतलं पाणी शांत. सँ-जाँ-द-लुझचा उपसागर बंधाऱ्यांनी अडवलेला आहे. आंदायची पुळण तीन किलोमीटर लांब आणि उथळ आहे. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मी आंदायच सुचवेन. याउलट सान सेबास्तियनमधलीच सुरियोला पुळण, सारौट्स, मुंडाका, बियारिट्झ या लाटांच्या जागा आहेत. युरोपातलं लाटांवर स्वार होण्याचं वेड १९५७ मध्ये बियारिट्झलाच रुजलं, आणि मुंडाकाच्या नदीमुखावरची डावीकडे फुटणारी लाट जगभरच्या सर्फरांना ठाऊक आहे. बघायला तिथे जरूर थांबा. पोहायचं ते झेंडे बघूनच: हिरवा म्हणजे पोहा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात पाय नको.

आणखी एक गोष्ट तिथे गेल्याशिवाय समजत नाही, ती म्हणजे ‘गालेर्ना’. दक्षिणेचा गरम वारा सुटलेला असतो, दिवस तापलेला असतो, समुद्र आरशासारखा. मग पश्चिमेकडून एकाएकी वारा फिरतो आणि काही मिनिटांत पारा दहा-बारा अंशांनी उतरतो. सारौट्सला आम्ही हे अनुभवलं. आधी सगळ्या छत्र्यांच्या झालरी एकदम थांबल्या, मग उलट्या दिशेला फडफडल्या, आणि वाळू गालाला टोचायला लागली. शिट्ट्या वाजल्या, पोहणारे बाहेर, आणि स्थानिक बायकांनी तोवर टॉवेल गुंडाळून मुलांना बखोटीला धरलेलं होतं. १२ ऑगस्ट १९१२ च्या रात्री अशाच वादळाने १४३ कोळ्यांचा जीव घेतला, त्यातले बहुतेक एकट्या बेर्मेओचे. म्हणून तिथले लोक शिट्टी वाजली की वाद घालत नाहीत. तुम्हीही घालू नका.

कपड्यांचं काय? आईला पाण्यात उतरायला संकोच वाटतो.

तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. साठी-सत्तरीच्या बायका पोहण्याच्या पोशाखात निवांत गप्पा मारत काठाने फेऱ्या मारतात. काही जणी वरचं वस्त्रही घालत नाहीत, आणि एखाद-दुसऱ्या पुळणीवर पूर्ण विवस्त्र लोकही दिसतात. तिथे ते कायदेशीर आहे. मुलांना आधी सांगून ठेवा. आईसाठी गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घ्या, तो इथूनच मिळतो. साडी किंवा सुती पंजाबी ड्रेस घालून लाटांत मात्र उतरू देऊ नका. ओलं कापड पायात गुंडाळतं आणि ओढ लागली की उभं राहता येत नाही.

सुमायाचे दगड बघायला एवढ्या लांब जावं का?

या किनाऱ्यावर एकच जागा बघायची असेल तर मी सुमाया सांगेन.

इतसुरुनच्या पुळणीवर उभं राहिलं की कड्यावर पातळ पदर दिसतात, एकावर एक, हजारो. चिरोटा उभा धरावा तसे. चुनखडीचा कठीण पदर, मग मऊ चिखलाचा, पुन्हा चुनखडी. हा सगळा एकेकाळी खोल समुद्राचा तळ होता. डोंगर उचलले गेले तेव्हा तो वाकून जवळजवळ उभा झाला. याला फ्लिश म्हणतात. ओहोटीला तेच पदर पायाखाली समुद्रात लांबवर गेलेले दिसतात, नांगरलेल्या शेतातल्या तासांसारखे. सुमाया, देबा आणि मुत्रिकु या तीन गावांचा हा किनारा युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानांत आहे. पृथ्वीच्या इतिहासातल्या दोन कालखंडांची सुरुवात जगभर याच कड्यावरून मोजतात. २०१० मध्ये त्यासाठी इथे खुणेच्या दोन खुंट्या ठोकल्या.

पण मराठी माणसाने यायला हवं ते शेजारच्या अल्गोरीच्या कोपऱ्यासाठी. तिथे पदरांमध्ये एक अगदी पातळ, काळपट थर आहे. तो ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या खाली डायनोसोरांचा काळ, वर त्यांच्यानंतरचा. आता आठवा, त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं. जमीन फाटून लाव्हा वाहत होता आणि थरावर थर साचून आपला सह्याद्री घडत होता. डायनोसोर संपले ते मेक्सिकोत आदळलेल्या अशनीमुळे, आणि त्यात दख्खनच्या लाव्ह्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. मी त्या थरावर बोट ठेवलं तेव्हा तो ओलसर होता, नखाने खरवडला जाईल इतका मऊ. मी खरवडला नाही. हा संरक्षित किनारा आहे, खडा उचलायलाही मनाई आहे. पण राजगडाच्या काळ्या कातळाला टेकून डबा खाल्लेल्या माणसाला तिथे उभं राहून काय वाटतं, ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही.

स्वतः शोधण्यापेक्षा भूउद्यानाची वाटाड्यासह फेरी घ्या. होडीतूनही कडे दाखवतात, गुडघे दुखणाऱ्यांना ते सोपं जातं.

गाडी भाड्याने घ्यावी का?

फक्त लेकेइतियो आणि आजूबाजूच्या खेड्यांसाठी. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथून काढून न्यावा लागतो, गाडी उजव्या बाजूने चालवायची असते, आणि जुन्या बंदरांत गाडी उभी करायला जागा मिळत नाही. सान सेबास्तियन, सारौट्स, सुमाया, देबा हे सगळं एउस्कोट्रेनच्या अरुंद रुळांच्या गाडीवर आहे. बिल्बाओहून गेर्निका, मुंडाका, बेर्मेओलाही तीच जाते. सान सेबास्तियनहून सुमाया पाऊण तासाच्या आसपास. गेतारियाला रेल्वे नाही, पण सारौट्सला उतरून समुद्राच्या कडेकडेने चार किलोमीटर चालत जाता येतं. उधाणाच्या दिवशी लाट कठड्यावरून रस्त्यावर उडते.

स्पेनमधून फ्रान्समध्ये जाताना तपासणी होते का?

कधी होते, कधी नाही. पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका. सान सेबास्तियनहून आंदायला जी लोकल जाते तिला लोक ‘तोपो’ म्हणतात, म्हणजे चिचुंदरीसारखा बिळं खणणारा प्राणी, कारण वाटेत बोगदेच बोगदे. त्याहून गोड प्रवास म्हणजे ओंदारिबियाहून आंदायला बिदासोआ नदीवरून जाणारी छोटी होडी. काही मिनिटांत देश बदलतो.

याच नदीत फेझंट बेट आहे. १६५९ मध्ये स्पेन आणि फ्रान्सने इथेच तह केला. तेव्हापासून बेट दोघांचं. सध्या सहा-सहा महिने वाटून घेतलेले आहेत: फेब्रुवारी ते जुलै स्पेनचं, ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सचं. तुम्ही सप्टेंबरात जाल तेव्हा ते फ्रान्समध्ये असेल. बेटावर जाता येत नाही, काठावरून बघायचं. तहात ठरलेलं चौदाव्या लुईचं लग्न १६६० मध्ये सँ-जाँ-द-लुझच्या चर्चमध्ये लागलं. नवरा-नवरी ज्या दारातून बाहेर पडली ते दार नंतर चिणून टाकलं असं सांगतात, आणि भिंतीत ती जागा दिसते.

शाकाहारी माणूस उपाशी राहतो का? शिवाय श्रावण असतो.

उपाशी राहत नाही, पण रोज बोलावं लागतं. तिथे ‘शाकाहारी’ म्हणजे गोमांस-डुकराचं मांस न खाणारा असाही अर्थ घेतला जातो. एका उपाहारगृहात आईसाठी मुद्दाम सांगून मागवलेल्या कोशिंबिरीत तळाशी टूना निघाला. वाढणारी मुलगी खरंच गोंधळली होती, तिच्या लेखी तो मासा म्हणजे मांस नव्हतंच. तेव्हापासून मी पदार्थांची नावं घेऊन सांगते: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतून’. मांस नको, मासा नको, हॅम नको, टूना नको. चारही शब्द लागतात.

निर्धास्त मागवावं असं काय? गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या, तेलात तळून वर जाडं मीठ. त्यांचा हंगाम नेमका उन्हाळ्यात असतो आणि तिखट नसतात. उन्हाळ्यातला टोमॅटो, नुसता कापून ऑलिव्ह तेल घातलेला, आपल्या गावठी टोमॅटोची आठवण करून देणारा. परतलेली अळंबी, पण त्यात हॅम नाही ना ते विचारा. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट, ‘तोर्तिया’, सकाळीच खावं, ताजं असतं. ‘एन्सालादिया रूसा’ नावाचं बटाट्याचं सॅलड शाकाहारी दिसतं, आत टूना असतो. राजमा दिसला की हुरळून जाऊ नका, तोलोसाचा काळा घेवडा डुकराच्या मांसाबरोबरच शिजवतात. इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचं चीज सुरेख लागतं, पण ते कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. कडक शाकाहारींना आधी सांगायला हवं.

श्रावण पाळणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. आम्ही मुगाची डाळ, तांदूळ, गोडा मसाला नेला होता. दिवसा बाहेर, रात्री खिचडी. आईचे दहा दिवस छान गेले.

आणि मासे खाणाऱ्यांनी?

तुमच्यासाठी हा किनारा म्हणजे पर्वणी. सप्टेंबरात बोनितो असतो, कुप्याच्या जातीचा, पांढऱ्या मांसाचा. तो बटाट्याबरोबर शिजवून कोळ्यांचं ‘मार्मिताको’ करतात. गेतारियाच्या गल्ल्यांत उपाहारगृहांच्या दाराबाहेर कोळशाच्या शेगड्या लावलेल्या असतात, आणि त्यावर रोदाबायो नावाचा ताटाएवढा चपटा मासा अख्खा भाजतात. मसाला नाही, फक्त मीठ, तेल आणि व्हिनेगर. महाग आहे, चौघांत एक घ्या. माकूळ स्वतःच्याच काळ्या शाईत शिजवलेले असतात. हिरव्या सॉसमधल्या मर्लुसा नावाच्या माशाबरोबर तिसऱ्या येतात, त्या मला आपल्या तिसऱ्यांहून किंचित गोड लागल्या.

पिंचो बारमध्ये कसं वागायचं?

उभं राहून. पिंचो म्हणजे एक-दोन घासांचा पदार्थ, बहुधा पावाच्या चकतीवर. एका बारमध्ये एक-दोन खायचे, लगेच पुढचा बार. फळ्यावर लिहिलेले गरम पिंचो मागवा, ते ताजे करून देतात. हिशेब शेवटी. ‘हिल्दा’ नावाचा काडीवरचा पिंचो सगळीकडे दिसेल, त्यात ऑलिव्ह, लोणच्याची मिरची आणि आंचोवी, आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा. चाकोली ही तिथली हलकी पांढरी वाइन उंचावरून ओततात. वेळा पाळा: जेवण दुपारी दीड ते साडेतीन, रात्री साडेआठनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघरं बंद असतात आणि लहान मुलं रडकुंडीला येतात, तेव्हा खाऊ जवळ ठेवा.

इंग्रजी चालतं का? बास्क भाषा कशी आहे?

हॉटेलांत चालतं, बंदरांत कमी. एउस्कारा जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेची नातेवाईक नाही, स्पॅनिशची तर नाहीच. पाट्यांवर प्रत्येक गावाला दोन नावं दिसतील, सान सेबास्तियन म्हणजेच दोनोस्तिया, म्हणून बसवर दुसरंच नाव बघून घाबरू नका. रोमन लिपीत ‘टीएक्स’ दिसलं की ‘च’ म्हणायचं. ‘काइशो’ म्हणजे नमस्कार, ‘एस्केरिक आस्को’ म्हणजे आभारी आहे, ‘आगुर’ म्हणजे येतो. ‘ओंदार्तसा’ पुळण, ‘इचिता’ बंद. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत ही भाषा दडपली गेली. म्हणून दुकानात शिरताना नुसतं ‘काइशो’ म्हटलं तरी समोरचा चेहरा खुलतो. दोन शब्द शिकाच.

या दिवसांत तिथले कोणते सण असतात?

सान सेबास्तियनला ३१ ऑगस्टला जुन्या गावातल्या त्याच नावाच्या गल्लीत मेणबत्त्या लावतात. १८१३ मध्ये या दिवशी ब्रिटिश-पोर्तुगीज फौजांनी शहर लुटलं आणि ते जळून गेलं, ही गल्ली तेवढी वाचली. ८ सप्टेंबरला ओंदारिबियाची मिरवणूक, ९ सप्टेंबरला सारौट्सला सगळं गाव पारंपरिक वेशात.

आणि सप्टेंबरचे पहिले दोन रविवार ला कोंचाच्या होड्यांच्या शर्यतीचे. हे चुकवू नका. १८७९ पासून चालत आलेली शर्यत आहे. ‘त्राइनेरा’ या मासेमारीच्या होड्या. जो आधी बंदरात पोचेल त्याच्या मासळीला भाव, त्यातून शर्यती सुरू झाल्या. एका होडीत तेरा वल्हवणारे आणि एक सुकाणूवर. उपसागरातून बाहेर खुल्या समुद्रात जायचं, वळायचं आणि परत. २००८ पासून बायकांच्याही होड्या उतरतात. ओरियोचे लोक पिवळ्या कपड्यांत, ओंदारिबियाचे हिरव्या, सगळा धक्का रंगांनी भरलेला. शेजारच्या आजोबांनी माझ्या मुलीला पिवळा रुमाल बांधला आणि आम्ही दिवसभर ओरियोचे झालो.

गेर्निकाला मुलांना न्यावं का?

न्यावं. २६ एप्रिल १९३७ ला, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, जर्मन आणि इटालियन विमानांनी हे गाव बाँबने भाजून काढलं. पिकासोचं चित्र माद्रिदला आहे, इथे भिंतीवर फरशांत केलेली त्याची प्रतिकृती आहे. जिच्याखाली बास्क लोक सभा भरवत त्या ओक वृक्षाच्या वंशातलं झाड अजून उभं आहे. शक्यतो सोमवारी जा. बाजार अजूनही सोमवारीच भरतो.

बिल्बाओला किती वेळ द्यावा?

एक दिवस. गुगेनहाइम संग्रहालय (१९९७) बघाच. त्यानंतर मेट्रोने पोर्तुगालेतेला जाऊन १८९३ चा लोंबता पूल बघा. माणसं आणि गाड्या एका पाळण्यात बसून नदी ओलांडतात.

गोव्याच्या सेंट झेवियरचा या भागाशी संबंध आहे म्हणतात, तो काय?

खरा आहे. जुन्या गोव्यात ज्यांचा देह जपून ठेवला आहे ते फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये शेजारच्या नावारातल्या हावियेरच्या गढीत जन्मले. घरची भाषा बास्क. १५४२ मध्ये ते गोव्याला पोचले. त्यांचे सोबती इग्नेशियस लोयोला सुमायापासून जवळच्या अस्पेइतियाचे. लोयोलाचं घर आणि त्याभोवतीचं भव्य चर्च अर्ध्या दिवसात बघून होतं. हावियेर मात्र किनाऱ्यापासून लांब आहे, त्यासाठी वेगळा दिवस लागेल.

म्हाताऱ्या आई-वडिलांना झेपेल का?

सान सेबास्तियन नक्की झेपेल. ला कोंचाचा रस्ता सपाट आहे, जागोजागी बाक आहेत, आणि इगेल्दोच्या टेकडीवर १९१२ ची दोरगाडी चढवते. गास्तेलुगाचेला मात्र जपून. समुद्रातल्या खडकावरच्या त्या चॅपेलला २४१ पायऱ्या आहेत आणि त्याआधी रस्त्यापासूनचा तीव्र उतार, जो परतताना चढावा लागतो. हंगामात आधी नोंदणी करावी लागते, ती फुकट असते. आई वरच्या सज्जावर थांबली आणि आम्ही जाऊन घंटा तीनदा वाजवून आलो. तिला ती ऐकू आली.

तिथे राजकीय अशांतता आहे का?

आता नाही. बास्क स्वातंत्र्यासाठी हिंसाचार करणाऱ्या एटा संघटनेने २०११ मध्ये शस्त्रं थांबवली, २०१८ मध्ये ती विसर्जित झाली. भिंतींवर, बाल्कन्यांत फलक दिसतील. पण ज्यांच्या घरची माणसं गेली ते याच गल्ल्यांत राहतात, तेव्हा बारमध्ये बसून आपणहून हा विषय काढू नये.

येताना काय आणावं?

फ्रान्सच्या बाजूला, सँ-जाँ-द-लुझपासून आत, एस्पेलेत नावाचं गाव आहे. ऑगस्ट सरता सरता तिथल्या पांढऱ्या घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळायला टांगतात. आपल्या अंगणात पसरलेल्या मिरच्या आठवतात. मिरची त्यांच्याकडेही अमेरिकेतूनच आली, आपल्यासारखीच. त्यांचं तिखट मात्र सौम्य, किंचित फळासारख्या वासाचं असतं. लहान काचेच्या बाटलीत मिळतं. आईने दोन आणल्या. पहिली तिने आमटीत घालून संपवली आणि त्यात चवच कळली नाही. दुसरी आम्ही भाजलेल्या बटाट्यावर, काकडीवर, ऑम्लेटवर वरून भुरभुरतो. तसंच वापरा, फोडणीत घालू नका.